राजा पायी गेला तो डाव

मला बुद्धिबळ खेळता येत नाही. हे आधीच सांगून टाकते. या अंकाच्या संपादकबाई घरी आल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं, जिनं एवढी वर्षं स्पर्धांचे पट मांडले तिला खेळ तर येतच असणार. मी म्हटलं, कार्यालयात पंगतीची पानं मांडणारी बाई काय रोज लग्नाला बसते का? त्या हसल्या आणि म्हणाल्या, असंच लिहा. म्हणून लिहिते. शाळा माझी चौथीपर्यंत झाली. चुकलंमाकलं त्या बघून घेतील.

कोल्हापुरात एका संस्थेच्या सभागृहात मी सेविका होते. तिथं साखरपुडे व्हायचे, रक्तदान व्हायचं, साड्यांचे सेल लागायचे. आणि मे महिन्यात, दिवाळीच्या सुट्टीत बुद्धिबळाच्या स्पर्धा. साखरपुड्यापेक्षा मला स्पर्धा बऱ्या वाटायच्या. भात सांडत नाही.

काम काय ते सांगते. टेबलं लावायची आणि ती हलत नाहीत ना ते बघायचं. हललं तर पायाखाली पुठ्ठ्याची घडी. पट असा ठेवायचा की खेळणाऱ्याच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर आलं पाहिजे. मग सोंगट्या. कडेला हत्ती, मग घोडा, मग उंट, मध्ये राजा आणि वजीर, पुढं प्याद्यांची ओळ. दोन्हीकडचे राजे समोरासमोर. पटाशेजारी घड्याळ. फेरी संपली की पोरं सोंगट्या तशाच टाकून पळतात. त्या पुसायच्या आणि पुन्हा मांडायच्या. हे करताना माझे हात आपोआप चालायचे, चपात्या लाटताना चालतात तसे.

मुलांपेक्षा त्यांचे आईबाप सांभाळणं जास्त अवघड. फेरी सुरू झाली की त्यांना बाहेर काढायचं, दार लावायचं आणि दाराशी उभं राहायचं, हेही माझ्याकडंच. कुस्तीच्या मैदानात कसं, सगळा गाव ओरडून सांगतो, पट काढ, धोबी मार. इथं एक शब्द चालत नाही. त्यामुळं आईबापांच्या पोटात तो शब्द तसाच राहतो आणि त्यांना त्रास होतो. एक गृहस्थ दाराच्या फटीतून खोकायचे. दोनदा खोकला, थांबून एकदा खोकला. आत त्यांचं पोरगं कान टवकारून बसलेलं. मी जाऊन त्यांच्या हातावर लवंग ठेवली. म्हटलं, "चघळा, नाहीतर रस्त्यापलीकडं जाऊन खोका." पुन्हा खोकला आला नाही.

मला खेळ कळत नसला तरी एका गोष्टीचं नवल वाटायचं. पंचांनी सुरू करा म्हटलं की पोरं पहिल्या चाली कशा खेळतात, तर धडाधड. हात पटावर, हात घड्याळावर, हात पटावर. विचार नाही की काही नाही. आणि मग एकदम कुठंतरी हात थांबतो. पोरगं डोकं हातात धरून बसतं.

शेख सर आमच्याकडं नेहमी पंच असायचे. त्यांना एकदा विचारलं.

"मावशी, ती सुरुवात पाठ असते," ते म्हणाले. "ओपनिंग म्हणतात. त्याची पुस्तकं आहेत. कोण कोण तर वीस वीस चाली पाठ करून येतं."

"म्हणजे पाढ्यासारखं?"

"पाढ्यासारखंच."

"मग डोकं कधी चालवायचं?"

"पाठ केलेलं संपलं की."

तेव्हापासून मला नाद लागला. पाण्याचा जग घेऊन मी टेबलांमधून फिरायचे आणि कुणाचा हात कधी थांबतो ते बघायचे. हात थांबला की समजायचं, आता खरा खेळ सुरू झाला. बाकी मला काही कळत नव्हतं, पण तेवढं कळायचं.

आता त्या डावाचं सांगते. मी कामावरून सुटले त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. अकरा वर्षांखालच्या मुलींची जिल्ह्याची स्पर्धा होती. त्यातून दोघीजणी राज्याच्या स्पर्धेला जाणार. शेवटच्या फेरीआधी एकीचं नक्की झालं होतं. दुसरी जागा रेवाला किंवा शिवानीला, आणि दोघींची गाठ शेवटच्या फेरीत एकमेकींशीच पडली. गुण दोघींचे सारखे. पण बरोबरी झाली तर रेवा जाणार होती, कारण तिच्या आधीच्या फेऱ्या तगड्या मुलींशी झाल्या होत्या. शिवानीला जिंकायलाच लागत होतं.

रेवा शहरातली. तिला शिकवायला कोच होता, आई रोज सोबत यायची, पिशवीत बदाम आणि स्वेटर असायचा. मे महिन्यात स्वेटर कशाला ते मी विचारलं नाही. पोरगी चांगली होती. पाणी दिलं की थँक यू मावशी म्हणायची.

शिवानी गडहिंग्लजच्या पलीकडच्या, हद्दीवरच्या एका गावची. तिच्यासोबत तिचा आजोबा. तिकडं आजोबाला अज्जा म्हणतात. टोपी, धोतर, काखेत कापडी पिशवी. बोलायला मोठा आवाज. पहिल्या दिवशी मी त्याला बाहेर काढलं तेव्हा म्हणाला, "व्हय अक्का, जातो की. शिवारातलं जनावर हाकलल्यागत नका हाकलू." त्यानंतर तो जिन्याच्या पायरीवर बसायचा आणि फेरी संपेपर्यंत उठायचा नाही.

शेवटच्या फेरीआधी जेवणाची सुट्टी झाली. दोघांनी पायरीवरच भाकरी खाल्ली. मग अज्जानं पिशवीतून कापडाचा पट काढला, लाकडी सोंगट्यांची थैली ओतली आणि नातीला म्हणाला, "ये, एक डाव टाकूया. घाबरलीयास, हात जरा मोकळा हुईल."

मी झाडू टेकवून बघत उभी राहिले. बघता बघता पोरीनं राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून प्याद्याच्या मागं नेऊन ठेवला.

"ही कुठली चाल पावणं?" मी म्हटलं. "राजा एक घर चालतो. एवढं मलाबी म्हाईत हाय."

"तुमच्या आतल्या खेळात," अज्जा म्हणाला. "आमच्या जुन्या खेळात राजाला एकदा उडी असती. एकदाच. शह बसायच्या आधी मारायची. आणि प्यादं पहिल्यांदाबी एकच घर जातं, दोन न्हाय."

"आणखी काय येगळं?"

"आणि प्यादं पार पलीकडं पोचलं की ज्या घरात पोचंल त्या घराची सोंगटी मिळती. हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती. घोड्याच्या घरात घोडा. तुमच्यात काय, कुठंबी पोचा, वजीर घ्या. सगळ्यास्नी वजीरच व्हायचंय."

"मग हिला दोन्ही खेळ येत्यात?"

"ह्यो मी शिकवला, पाच वर्साची असताना. तुमचा शाळेतल्या सरांनी, तीन म्हैन्यामागं."

मी शिवानीला विचारलं, "तुला राज्याला जायाचंय का अज्जाला जायाचंय?"

"मला," ती म्हणाली. मान वर केली नाही. "तितं माझ्याएवढ्या पोरी असत्यात की खेळायला. गावात अज्जाच हाय."

अज्जा हसला. "ऐकलंसा? म्हातारा पुरत न्हाय तिला."

घंटा झाली. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावलं.

शिवानीला पांढऱ्या सोंगट्या, म्हणजे पहिली चाल तिची. राजापुढचं प्यादं तिनं दोन घरं सरकवलं, शाळेतल्या सरांनी सांगितल्यासारखं. रेवानं तसंच केलं. शिवानीनं घोडा काढला, रेवानं घोडा काढला. हात पटावर, हात घड्याळावर. मग शिवानीनं उजवीकडच्या घोड्याच्या घरापुढचं प्यादं एक घर पुढं घेतलं. रेवानं दुसरा घोडा काढला. आणि शिवानीनं राजा उचलला आणि अडीच घरं उडवून त्या प्याद्याच्या मागं नेऊन ठेवला. घड्याळाचं बटण पण दाबलं.

माझ्या हातातला जग तिरका झाला आणि पाणी फरशीवर सांडलं.

रेवानं तोंडावर हात ठेवला. तिला हसू आलं नव्हतं, तिला कळतच नव्हतं काय झालं ते. तिनं घड्याळ थांबवून हात वर केला. शेख सर आले. पट बघितला, शिवानीकडं बघितलं. ती तोपर्यंत लालबुंद झाली होती.

नियम असा आहे. चुकीची चाल केली तर पहिल्या वेळेला समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात. दुसऱ्यांदा केली तर डाव गेला. आणि आणखी एक. ज्या सोंगटीला हात लावला ती हलवायलाच लागते. म्हणजे शिवानीला राजा हलवायला लागणार. राजाभोवती सगळी आपलीच माणसं उभी, जायला एकच घर रिकामं होतं, समोरचं. राजा चौथ्याच चालीला तंबूतून उठून रस्त्यावर आला.

या आतल्या खेळातही राजाला लपवायची एक चाल असते. कॅसलिंग म्हणतात. राजा दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडं येऊन बसतो. पण राजा आधी हलला असेल तर ती मिळत नाही. ती पण गेली. वर रेवाच्या घोड्यानं मधलं एक प्यादं फुकट खाल्लं.

एका मुलीचा डाव आधीच आटपला होता. तिनं बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं, अमुक टेबलावर राजानं उडी मारली. आईबाप हसले. कोच लोक हसले. मी कॅनमधून पाणी भरायला बाहेर गेले तर अज्जा पट गुंडाळत होता. प्रत्येक सोंगटी थैलीत टाकत होता आणि मोजत होता की शिव्या देत होता ते कळलं नाही.

"अक्का, गडहिंग्लजची गाडी कितीला हाय?"

"बसा," मी म्हटलं. "पोरगी आत हाय अजून."

"माझ्यामुळं झालं. जेवल्यावर गप पडायचं सोडून खेळाय बसीवलं."

"बसा म्हटलं की."

"राजा कुठं हाय तेवढं सांगा."

आता इथं पंचाईत होती. आतलं बाहेर सांगायचं नाही आणि बाहेरचं आत. हे मी त्या खोकणाऱ्या गृहस्थाला शिकवलं होतं. लगेच शेजारून रेवाची आई आली. "मावशी, तिनं स्वेटर घातलाय का हो? आणि सहज बघा ना, कुणाची चाल आहे."

"स्वेटर घातलाय," मी म्हटलं. "बाकी मला खेळ कळत न्हाय." दोघांनाही एकच उत्तर पुरलं.

आत गेले तर एक नवलच बघितलं. रेवाचा हात थांबला होता.

एवढं पाठ करून आलेली पोरगी, पण समोर राजा उघड्यावर येऊन उभा असला तर काय करायचं हे कुठल्या पुस्तकात असणार? असलं कोण खेळतंय म्हणून कोण लिहील? ती पटाकडं बघत होती, घड्याळाकडं बघत होती. तिला एवढं समजलं होतं की हा डाव आता आपण जिंकायलाच पाहिजे, आणि लगेच जिंकायला पाहिजे, नाहीतर बाहेरचे काय म्हणतील. मला वाटतं, तिची अडचण तिथं झाली. तिला बरोबरी पुरत होती. ते ती विसरली.

शिवानी मात्र घाईत नव्हती. जुन्या खेळात प्यादं एकेक घर जातं, तिथं घाई करून भागत नाही. तिनं उंट बाजूला घेतला. पाण्याच्या पुढच्या चकरेत बघितलं तर हत्ती राजाच्या मागं आणलेला. मग राजा एक घर तिरका मागं. मग आणखी एक घर बाजूला. पायी पायी राजा कोपऱ्याकडच्या घरात गेला, उंटाच्या मागं. उडी मारून जिथं जायचं होतं त्याच्या शेजारच्याच घरात. शेख सर माझ्या बाजूला उभे होते. हळूच म्हणाले, "बघा मावशी, कॅसलिंग झालं. फक्त पायी झालं."

रेवानं तोवर राजा धरायला म्हणून घोडा दिला होता. घोडा खर्ची पडला आणि राजा तिथं नव्हता. मग तिचा हात पुन्हा थांबला, आणि घड्याळ काही थांबत नाही.

पण माझं लक्ष डावाकडं नव्हतं, शिवानीच्या हाताकडं होतं. आणखी एकदा जुन्या खेळाची चाल झाली की सगळं संपणार होतं. दर वेळी ती हात उचलायची आणि मी जग दोन्ही हातांनी धरायचे. मला कुणी जिंकलं तरी सारखंच होतं. म्हणजे असायला पाहिजे होतं.

होता होता पट रिकामा झाला. दोघींचे वजीर एकमेकांना खाऊन गेले. शिवानीजवळ एक उंट आणि काही प्यादी, रेवाजवळ फक्त प्यादी. शिवानीचं एक प्यादं पुढं गेलं, आणखी पुढं गेलं आणि शेवटच्या ओळीला टेकलं. मी मान लांब करून बघितलं. घर घोड्याचं होतं.

मेलेल्या सोंगट्या टेबलाच्या कडेला पडलेल्या असतात. शिवानीचा हात तिकडं गेला आणि घोड्यावर थांबला. बोटं घोड्याच्या मानेला लागली; पटाबाहेरच्या सोंगटीला तो हात लावायचा नियम नाही, ती पटावर टेकली की मगच पक्की. इथं घोडा घेतला तर चाल चुकीची नसते, घेता येतो, पण वजीर मिळत असताना घोडा म्हणजे हातातला डाव सोडून दिल्यासारखं. शेख सर मागं हात बांधून उभे. त्यांना बोलता येत नाही. मलाही नाही. रेवा पण तिकडंच बघत होती, कारण तिलाही ते दिसलं.

पोरगी घोड्याकडं बघत राहिली. मग तिनं बोटं काढली, वजीर उचलला आणि प्याद्याच्या जागी ठेवला. एकदम नाही, हळू, जरा वाईट वाटल्यासारखा.

थोड्या वेळानं रेवानं हात पुढं केला. डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं पहिल्यांदा विचारलं ते हे: "ते राजाचं तू मुद्दाम केलंस?"

"न्हाय गं. चुकून झालं."

"कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात न्हाय. अज्जाचं हाय."

"मला दाखवशील?"

एवढ्यात रेवाची आई आत आली आणि तिला घेऊन गेली. ती उडी रेवाला कुणी दाखवली नाही. मला ते राहून गेल्यासारखं वाटतं. त्या दिवशी त्या सभागृहात खरा प्रश्न तिनं एकटीनं विचारला होता.

अज्जा पायरीवर पाठ करून बसला होता. नात मागून जाऊन उभी राहिली.

"अज्जा, जिंकली मी."

तो वळला. मग म्हणाला, "राजा?"

"चालत गेला."

"आणि शेवट कसा झाला?"

"प्यादं पोचलं की. घोड्याच्या घरात."

"घोडा घेतलास?"

"न्हाय. वजीर."

अज्जानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "चुकीचं हाय ते," तो म्हणाला. "घोड्याच्या घरातनं वजीर कसा निघंल? पण तुमच्यात चालतंय न्हवं? मग झालं."

पोरगी हसली. तो हसला नाही. तिला जवळ बसवून म्हणाला, "आता एक ऐक. राज्याचं हुईस्तवर माझ्याबरोबर खेळायचं न्हाय. एक डावबी न्हाय. आज वाचलीस. तितं वाचणार न्हाईस."

"मग तुमी कुणाबरोबर खेळणार?"

"मला काय, रानात काम हाय."

मला सरळ विचारायची सवय आहे. मी विचारलं, "गावात आणखी कुणाला येतो का हो तुमचा खेळ?"

"हुते तिघं. एक ऱ्हायलाय, त्याला दिसत न्हाय."

पोरगी शेख सरांकडं नाव लिहून द्यायला गेली. अज्जा थैलीची नाडी ओढत बसला. जिंकलेल्या पोरीचा आजोबा मी पुष्कळ पाहिला आहे. पेढे आणायला पळतो. हा एक पाहिला, पोरगी जिंकली आणि याचा गडी गेला.

बक्षीस समारंभाला वेळ होता. साडीवरून हात पुसून मी पायरीवर बसले.

"काढा तो पट," मी म्हटलं. "मला दावा."

"तुमास्नी काय येतंय?"

"मांडता येतंय. जलम त्यात गेलाय."

त्यानं पट पसरला, सोंगट्या ओतल्या. मी मांडल्या. हत्ती, घोडा, उंट, मध्ये राजा आणि वजीर, राजासमोर राजा. हात आपोआप चालले. त्यानं माझ्याकडचा राजा आणि वजीर उचलले आणि एकमेकांच्या जागी ठेवले.

"आमच्याकडं राजासमोर वजीर असतोय," तो म्हणाला. "मांडणीच चुकलीया अक्का."

"इतकी वर्सं अशीच मांडतीया मी."

"तर मग इतकी वर्सं चुकलंय."

मी राजापुढचं प्यादं उचललं आणि दोन घरं पुढं ठेवलं.

त्यानं बोटानं ते एक घर मागं ढकललं.